परमिट रूमच्या चुलीपाशी

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी सासूबाई एसटीच्या थांब्यापर्यंत आल्या होत्या. राजापूरपासून आत, सड्याच्या कातळावरचं आमचं गाव. गाडीत माझी वळकटी चढवताना लेकाकडं बघत त्या एवढंच म्हणाल्या, “माझ्या झिलाला जप गो.” गाडी वळेपर्यंत त्या तिथंच उभ्या होत्या.

भातजमीन दोन भावांना पुरण्यासारखी नव्हती, म्हणून धाकट्यानं, म्हणजे ह्यांनी, बाहेर पडायचं ठरलं. तुम्हा गावकऱ्यांतले बहुतेक मुंबईला गेले. तुम्ही शिमग्याला, गणपतीला आलात की चाकरमानी आले म्हणून गाव खूश व्हायचं. आम्ही गेलो रत्नागिरीला. आमच्याच गावच्या अनंतशेटनं बंदराच्या रस्त्यावर परमिट रूम काढली होती. त्याला गल्ल्यावर विश्वासाचा माणूस हवा होता आणि आत रांधणारी बाई. त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीच्या सुमाराची ही गोष्ट.

पुढं अर्ध्या पडद्याचं दार, फळ्या ठोकून केलेल्या चार केबिनी, हिरवा दिवा. मागं माझं स्वयंपाकघर. मांदेली तळायची, तिसऱ्या-शिंपल्यांचं सुकं करायचं, अंडी उकडायची, आणि ज्याला जेवायचं असेल त्याला भात-कालवण. सुरुवातीला मी पदर नाकाला लावून रांधायची. हळूहळू आवाजावरून माणसं ओळखू लागले. बर्फाच्या कारखान्यातला फिटर, ट्रकवाले, आणि कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसणारे काणेकर. काणेकरांची बायको गेलेली. ते रोज दिवेलागणीला यायचे, जेवण झालं की ताट स्वतः आत आणून ठेवायचे आणि म्हणायचे, “वहिनी, आज घरच्यासारखं जेवलो.” दारुड्यानं वहिनी म्हटल्याची मला आधी लाज वाटायची.

दुसऱ्या वर्षी गणपतीला आम्ही गावी गेलो. नैवेद्याचे मोदक करायला मी अंघोळ करून, ओल्या केसांनी उकडीच्या परातीशी बसले. थोरल्या जाऊबाईंनी परात माझ्यापुढून ओढून घेतली. मला वाटलं, काही चुकलं असेल. सासूबाई हळूच म्हणाल्या, “तू रांगोळीचं बघ गो. आज राहू दे.” तेवढ्यात पडवीतून थोरल्या भावोजींचा आवाज आला. ते ह्यांना सांगत होते, “तुझी बायको दारुड्यांना जेवायला घालते. देवाच्या पानाला तिचा हात नको.”

हे आरतीलाही उभे राहिले नाहीत. येताना गाडीत खिडकीकडं तोंड करून बसले होते. मी एकदाच म्हटलं, जाऊ दे, मोठा भाऊ आहे. त्यांनी मान हलवली. त्याआधी गल्ल्यावर बसूनही त्यांनी कधी ग्लास तोंडाला लावला नव्हता. त्या गणपतीनंतर लावला. आधी गिऱ्हाइकाच्या आग्रहाखातर, मग आग्रहाशिवाय, मग सकाळी दात घासायच्या आत. अनंतशेटनं त्यांना गल्ल्यावरून उठवून बाजारहाटाला लावलं. मी भांडले, पाया पडले, रांधणं सोडते म्हणाले. ते म्हणायचे, “सोडून जायचं कुठं?”

पोटात पाणी झालं, डोळे पिवळे झाले. इस्पितळातच ते गेले.

गावाला निरोप पाठवला. भावोजी सकाळच्या गाडीनं एकटेच आले. सासूबाईंना आणलं नव्हतं. मी म्हटलं, ह्यांना गावी नेऊ या, आईला तोंड बघू दे. भावोजी म्हणाले, “इथंच उरकू. गावात लोक विचारतील, कशानं गेला.”

तिरडी बांधली काणेकरांनी आणि फिटरनं. अनंतशेटनं परमिट रूमचं दार बंद ठेवलं. संध्याकाळी सरळ उभे राहू न शकणारे काणेकर त्या दिवशी अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून आले होते. ते, फिटर आणि दोन ट्रकवाले, चौघांनी खांदा दिला. भावोजी मडकं धरून पुढं चालले. ह्यांच्या घरचं असं दुसरं कुणी नव्हतं.

दिवसकार्य झाल्यावर भावोजी म्हणाले, “सुमन, गावात चल. मात्र इथलं तिथं काही बोलायचं नाही.” मी नको म्हटलं. का नको ते त्यांनी विचारलं नाही.

मी परत चुलीपाशी बसले. ज्या दारूनं माझा माणूस नेला, तिच्यासोबतचे मासे मीच तळत होते. त्यावरून तुम्ही गावात नावं ठेवलीत, ते माझ्या कानावर आलं. मी एवढंच करू शकले: कुणी दुसरा ग्लास मागवला की न मागता भाताचं ताट बाहेर पाठवायची. त्यानं कुणी वाचलं नाही. काणेकरही पुढच्या पावसाळ्यात गेले.

सासूबाई गेल्या तेव्हा मी गावी आले होते, तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिलं असेल. तेराव्याला मला, घरच्या सुनेला, पाहुण्यांच्या पंगतीत वाढलं. जाऊबाईंनी आग्रहही केला. मी जेवले आणि दुपारच्या गाडीनं निघाले. थांब्यावर पोचवायला कुणी आलं नाही.

आता कुणी विचारलं, घर कुठलं, तर मी बंदराचा रस्ता सांगते. त्या जागेवर माझं प्रेम नाही. तिथल्या चुलीवरून मात्र मला कुणी उठवलं नाही.