खाणीत हवा पोहोचवणारे भाऊजी

करडीला, आमच्या गावी, शेतात धानाचा रोवणा चालू होता, तेव्हा एस.टी.च्या कंडक्टरनं निरोप आणला, "लाखनीचे तुमचे भाऊजी गेले." महिना उलटला, पण अजून माझ्या तोंडी 'भाऊजी म्हणतात' असंच येतं...

यादवभाऊजी म्हणजे माझ्या कौसल्याताईचे यजमान. लाखनीला हमरस्त्यावर ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचं त्यांचं दुकान होतं. सत्तरच्या दशकात मी तुमसरकडे मँगनीजच्या खाणीत लागलो. जमिनीखाली सुरुंग उडाला की धुरानं छाती भरून यायची. वरची हवा पंख्यानं एका जाड कापडी नळीतून आमच्यापर्यंत यायची. नळी फाटली की लांबच्या शहरातून नवी येईपर्यंत ठिगळांवर काम चालायचं. मी हे दुकानात बसून सहज सांगितलं, तर भाऊजींचे मशिनीवरचे पाय थांबले. "मंग खाली तू दम कसा घेतेस रे?"

त्या हिवाळ्यात त्यांनी कापडाला मेण चढवून, आत लोखंडी कडी घालून नळी शिवली. दुकानामागच्या शेडमध्ये ती पंख्याला जोडून फुगवायचे आणि शिवणीवरून गाल फिरवत टोकापर्यंत जायचे. गालाला वारा लागला की शिवण उसवायचे. खाणीतल्या साहेबांना माल पसंत पडला; मशिनी वाढल्या, शिवणाऱ्या बाया आल्या. दुकानाला बरकत आली आणि भाऊजींची झोप गेली. ताई म्हणायची, "दुसऱ्याईच्या नवऱ्याले धंदा नाही म्हून घोर, आमच्या याईले धंदा आहे म्हून."

एकदा चहाच्या टपरीवर एका ट्रकवाल्यानं बातमी आणली, खाणीत नळी फाटली, दोघं गुदमरून पडले. नावं त्याला ठाऊक नव्हती. ताईला काही न सांगता भाऊजी मिळेल त्या ट्रकनं निघाले. पाळी संपवून मी वर आलो, तर ते खाणीच्या तोंडाशी उकिडवे बसलेले. मला पाहून उठले. "तू नाही ना?" एवढंच म्हणाले... आणि लगेच, "कोनती शिवन गेली?"

"शिवन नाही गेली, भाऊजी. वरून दगड पडला, त्यानं कापड चिरलं. दोघंही शुद्धीवर आहेत, दवाखान्यात चहा पिऊन राहिले."

त्यांनी मान हलवली, पण चेहरा काही मोकळा झाला नाही. "खानीत दगड त पडनारच. मंग हे मले आंधी सुचाले पायजे होतं का नाही?" पुढे प्रत्येक नळीच्या वरच्या अंगाला त्यांनी दुहेरी कापड घातलं.

ऐंशीनंतर प्लॅस्टिकच्या तयार नळ्या आल्या. खाणीनं त्या घेतल्या, मशिनी पुन्हा ताडपत्र्यांकडे वळल्या. मीही खाण सोडून शेती धरली. भाऊजींची समजूत काढावी म्हणून गेलो, तर तेच मला विचारत होते, "त्या नव्या नळ्या कोनी तपासून पायते का रे?"

तेरवीनंतर परवा ताईकडे गेलो होतो. दुपार कलायला आली, तरी स्वयंपाक झाकलेलाच.

"ताई, जेवत काहून नाही?"

"तू खानीत लागला तवापासून तुही पाळी सुटेपावतर हे जेवत नव्हते. तू खान सोडली, मी म्हनलं, आता त जेवा. त म्हनत, दुसरे कोनी त आहेत ना खाली..."

मी ताटं घ्यायला उठलो. तिनं हाताला धरून बसवलं.

"थांब जरासा. सुटनच आता पाळी."