सोडियम बंद झालं तेव्हा

लेस्टरच्या हॉस्पिटलात नवऱ्याला नोकरी लागली म्हणून ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी इंग्लंडला आले. पुण्यात केमिस्ट्रीत पीएच.डी. केली होती, पण इथे मला कोणी विचारत नव्हतं. ट्रेनने तासाभरावर असलेल्या एका विद्यापीठात बॅटरीवर काम करणारे एक मराठी प्राध्यापक होते. त्यांनी मला लॅबमध्ये घेतलं. मी त्यांना सर म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला वहिनी. गणपतीत आम्ही त्यांच्याच घरी असायचो.

तेव्हा जो तो लिथियमच्या मागे होता, सरही. सरांनी मला सोडियम दिलं, मिठातून निघणारं, स्वस्त. सोडियम आणि मँगनीजची काळी पूड भट्टीत भाजायची आणि तिचं इलेक्ट्रोड करायचं, हे माझं काम. इथली दमट हवा लागली की पूड बिघडायची, आणि थोड्याच चार्जिंगनंतर बॅटरी मान टाकायची. दोन हिवाळे त्यात गेले. मग मी पूड भट्टीतून काढून गरम असतानाच कोरड्या आरगॉन वायूच्या बंद पेटीत न्यायला लागले, आणि बॅटऱ्या टिकू लागल्या. सर बराच वेळ आलेख बघत उभे राहिले. "झकास जमलंय," म्हणाले.

पुढच्या ग्रँटसाठी कमिटी येणार होती. मी त्यासाठी नवा सूट घेतला होता.

"तू कशाला येतेस?" सर म्हणाले. "प्रश्न विचारून भंडावतील. मी मांडतो ना."

कमिटी येऊन गेली त्या संध्याकाळी ते म्हणाले, "सोडियम बंद. मी खूप भांडलो गं." त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मीच त्यांना चहा करून दिला, आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या लिथियम प्रोजेक्टवर कामाला लागले.

पुढच्या वर्षी एका कॉन्फरन्समध्ये त्या कमिटीतल्या एक इंग्लिश बाई भेटल्या. म्हणाल्या, "सोडियमच्या बाजूने मी बोलणार होते. पण तुमचे रिझल्ट पुन्हा येत नाहीत, तुमचा हात अजून बसलेला नाही, असं तुमच्या प्रोफेसरांनीच सांगितलं."

रिझल्ट दर वेळी येत होते. सरांनी ते स्वतः पाहिले होते.

सोमवारी मी विचारलं. सरांनी उठून दार लावलं.

"एका लॅबला दोन ग्रँट देत नाहीत. लिथियम हवं होतं, मग सोडियम मागे घ्यायलाच हवं होतं."

"मग सोडियमला नावं ठेवायची. माझं नाव कशाला खराब केलंत?"

"काहीतरी कारण द्यावं लागतं. आणि तुझी नोकरी राहिली ना?"

ते चिडलेही नाहीत. घरातल्या लहान मुलीला समजवावं तसं समजावत होते. आपण हिचं भलंच केलं, असं त्यांना खरोखर वाटत होतं. मी मात्र ट्रेनमध्ये बसल्यावर त्यांची प्रत्येक शाबासकी आठवून बघत होते, यातली खरी कोणती.

मी राजीनामा दिला. श्रवणयंत्रांच्या छोट्या बॅटऱ्या बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्टिंगचं काम मिळालं. तिथला मॅनेजर इंटरव्ह्यूत म्हणाला, "तुमच्या प्रोफेसरांना फोन केला होता. तुमच्याइतकं अचूक कोणी मोजत नाही, म्हणाले." मी थँक यू म्हटलं.

वहिनी पुढे बरेच दिवस फोन करायच्या. "अगं, आमचं काही चुकलं का?" विचारायच्या. त्यांना खरं सांगणं मला जमलं नाही. कामाची सबब सांगायचे. हळूहळू त्यांचे फोनही थांबले.