टोरांटो, नागपूरइतकंच

आमच्या रायपूरच्या घरातून प्रवासाला निघालेल्या माणसानं स्टेशनागणिक फोन करायचा असतो. दुर्ग आलं, डोंगरगड आलं, गोंदिया आलं. गोंदियाचा फोन झाला की आई निवांत होते, कारण पुढं नागपूर, आणि नागपूर म्हणजे मामाचं घर. बाबा रेल्वेत गार्ड होते. त्यांनी चष्मा लावून वाचल्याशिवाय घरातलं कुठलंही तिकीट खरं ठरत नाही, मग ते विमानाचं का असेना.

धाकटी बहीण शिकायला टोरांटोला निघाली तेव्हा आई काही केल्या तयार होईना. बाबांनी तिकीट वाचलं. दिल्लीहून पहाटे तीनला सुटणार, सकाळी आठला पोचणार.

"पाच तास," ते म्हणाले. "आपल्या नागपूरइतकंच हाय. काहून रडून राहिली?"

एवढ्यावर आईनं डोळे पुसले आणि लाडवांची तयारी सुरू केली. मी तेव्हा नवा रायपूरच्या ऑफिसात होते. ही वजाबाकी मला कळली ती थेट बहिणीचं विमान उडाल्यानंतर.

त्या सकाळी मी उठले तर आई-बाबा फोन मधे ठेवून बसलेले. नऊ वाजून गेले होते आणि गॅसवर चहा नव्हता. आमच्याकडे असं फक्त कुणी वारल्यावर होतं.

"फोन बंद हाय तिचा," बाबा म्हणाले. "एक तास लेट धरला मी. आता काय धरू?"

"बाबा, ते आठ तिथले. तिथलं घड्याळ मागं असतं. विमान संध्याकाळी उतरेल, ती अजून वरच आहे."

बाबा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. हावड्यापासून मुंबईपर्यंत एकच घड्याळ असलेल्या रेल्वेत ज्यानं जन्म काढला, त्यानं दुसरी वजाबाकी तरी कुठून आणायची? मला वाटलं, आईला हायसं वाटेल. ती मात्र रडायलाच लागली.

"म्हणजे नागपूर नाही," ती म्हणाली. "मले फसवलं तुमी."

"मीच फसलो वं."

मग मी मोबाइलवर नकाशा काढून दिला. साडेअकरा हजार किलोमीटरची वाट आणि तिच्यावर सरकणारं एवढंसं विमान. बाबांनी मोबाइल हातात घेतला आणि ताठ होऊन बसले. ड्युटीवरच चढले म्हणा ना!

"रशिया आलं," त्यांनी पुकारलं.

"तिथं थांबते का?" आईनं विचारलं.

"नाही. थ्रू गाडी हाय."

आई उठून चहा ठेवायला गेली. दुपारभर असंच चाललं. विमान समुद्रावर आलं तेव्हा बाबांनी मोबाइल जरा आपल्याकडे वळवून धरला आणि काहीच पुकारलं नाही. जमीन दिसल्यावर मात्र मोठ्यानं म्हणाले, "ग्रीनलँड आलं." मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली की मी उगाच त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

संध्याकाळी फोन वाजला.

"पहुँच गई, आई. सब ठीक है."

"जेवली का?" आईनं विचारलं. बाबांनी फोन घेतला, घसा खाकरला.

"बाई," ते म्हणाले, "वापस याले किती तास लागते ते तूच सांग. आता वजाबाकी मी नाही करत."