बोटीवरचा रुसवा

आमच्या विहीणबाई, शालनताई, कुठेही गेल्या, की टेकायच्या आधी बाहेर पडायची वाट बघून ठेवायच्या. डॉक्टरांचा दवाखाना असो, नाट्यगृह असो, नाहीतर कुणाचं केळवण. आत शिरल्या की उभ्या उभ्या नजर फिरवायच्या. दार कुठे, जिना कुठे, आपल्या आणि दाराच्या मधे कोण लठ्ठ माणूस बसलाय, हे हेरायच्या आणि मगच बसायच्या. माझ्या मुलीच्या, गौरीच्या लग्नाची बोलणी करायला त्या पहिल्यांदा आमच्याकडे कर्वेनगरला आल्या, तेव्हा मी कौतुकानं नव्या सोफ्याकडे हात केला. तर या जाऊन बसल्या दाराजवळच्या डुगडुगत्या खुर्चीवर. मला वाटलं, झालं! या आल्या आल्या निघायच्या बेतात आहेत, चांगलं स्थळ हातचं गेलं. पोह्यांची बशी हातात घेत त्या म्हणाल्या, "गैरसमज नको. मी कुठेही अशीच बसते. आत यायला लोक बोलावतात हो, बाहेर पडायचं आपलं आपल्यालाच बघावं लागतं."

मग एक घास खाऊन म्हणाल्या, "बरे झालेत."

मी हिरमुसले. सकाळपासून खपून केलेल्या पोह्यांना नुसतं 'बरे'? पुढे कळलं, की शालनताईंच्या कोशात 'बरे'च्या वर शब्दच नव्हता. पहिली नात झाली, गुटगुटीत, गोरीपान, दवाखान्यात पाळण्यात डोकावून म्हणाल्या, "बरी आहे." आणि डोळे पुसायला पदर शोधत बसल्या.

त्या राहायच्या कसबा पेठेत, पहिल्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत. जिना असा उभा, की वर पोचेपर्यंत माणसाला आपली सगळी पापं आठवावीत. यजमान गेल्यावरही त्या तिथेच राहिल्या. एकट्या म्हणायचं, पण त्यांच्या दारात सतत वर्दळ. अर्ध्या गल्लीच्या किल्ल्या त्यांच्याकडे असायच्या. कुणी नोकरीला जाताना ठेवून जायचं, कुणी गावाला जाताना. कुणाचा सिलिंडर यायचा असायचा, कुणाची पोरं शाळेतून लवकर यायची असायची. दाराशेजारी खिळ्यांची पट्टी ठोकलेली, तिच्यावर किल्ल्याच किल्ल्या. एकीवरही नाव नाही. मी म्हटलं, "चिठ्ठ्या तरी लावा." तर म्हणाल्या, "म्हणजे चोराची सोय? मला कळतं तेवढं पुरे."

दोन वर्षांपूर्वीच्या नाताळात गौरीनं आणि जावयांनी बोटीच्या सहलीचा घाट घातला. नातीला शाळेची सुट्टी, निखिलरावांना ऑफिसची सुट्टी. मुंबईहून निघायचं, गोवा करायचं, लक्षद्वीपची बेटं लांबून बघायची आणि परत. दोन्ही आज्या बरोबर, आणि दोघींना मिळून एक खोली. ऐकून माझ्या मैत्रिणी म्हणाल्या, "विहिणी-विहिणी एका खोलीत? बोट बुडवाल!" पण आमचं छान जमायचं. मुळात भांडण व्हायला एकीनं तरी पुढे सरकावं लागतं, आणि आम्ही दोघी पेन्शनीत निघालेल्या.

मला वेगळीच धास्ती होती. निघायच्या आधी गौरीनं मला बाजूला घेतलं. "ए आई, बोटीवर अहो आईंना जरा तयार कर ना." तयार म्हणजे कशाला? तर कसब्यातली जागा सोडून कोथरूडला मुलाकडे राहायला यायला. शालनताईंना आदल्या पावसाळ्यात जिन्यात चक्कर आली होती. फुलवाल्या बाईंनी धरलं म्हणून निभावलं. तेव्हापासून निखिलरावांच्या जिवाला घोर. घरात त्यांची खोलीसुद्धा सजवून झाली होती. मला मुलांचं म्हणणं पटत होतं. पटत होतं म्हणूनच तर ही शिष्टाई मी अंगावर घेतली.

बोटीवर पाऊल ठेवल्या ठेवल्या शालनताई खूश. कारण काय, तर तिथे सगळ्यांना आधी बाहेर पडायच्या वाटाच दाखवल्या! भोंगा वाजला, सगळ्यांना एका जागी गोळा केलं, केशरी जाकिटं कशी घालायची ते दाखवलं. बाकीचे जांभया देत होते, कुणी सेल्फी काढत होतं. या पहिल्या रांगेत. त्या खलाशाला मोडक्यातोडक्या हिंदीत विचारतात, "होडी में बैठने का, तो पहले कौन? बूढा या बच्चा?" त्याचं समाधानकारक उत्तर मिळाल्यावरच हलल्या. मग कठड्याशी जाऊन त्यांनी समुद्र पाहिला. मी वाट बघत होते, आता तरी काही बोलतील. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "पाणी भरपूर आहे."

बोटभर नाताळची रोषणाई. मधल्या दालनात दुमजली झाड, त्याला चांदण्या, खाली रिकामी खोकी. शालनताईंनी एक खोकं हलवून पाहिलं आणि जागेवर ठेवलं. लाल डगला घातलेला दाढीवाला हात हलवत आला तेव्हा म्हणाल्या, "ह्या गृहस्थांना उकडत कसं नाही?" स्वतः मात्र एसीच्या भीतीनं कानटोपी, स्वेटर, वर शाल. आम्ही दोघी तशाच शेजारी शेजारी उभ्या राहिलो, तर एका बाईनं त्या दाढीवाल्याला सोडून आमचाच फोटो काढला.

जेवणाचं तर विचारू नका. सकाळपासून जे मांडलेलं असे ते उठतच नसे. शालनताईंनी पिशवीतून मेतकूट काढलं, भातावर घातलं आणि म्हणाल्या, "इथे सगळं आहे, फक्त भूक लागायला वेळ ठेवलेला नाही."

आणि त्यांचा स्वभाव काही सुटेना. खोल्यांना किल्ल्या नव्हत्या, पत्त्याच्या पानासारखी कार्डं होती. आमच्या बोळात पुष्कळ वयस्कर मंडळी. कुणी कार्ड आत विसरून बाहेर अडकायचं, कुणाचं चष्म्याच्या घरात हरवायचं. सोलापूरच्या एक आजी रडकुंडीला आल्या, तशी या म्हणाल्या, "द्या इकडे, माझ्याकडे राहू दे." झालं! दुसऱ्या दिवशी निम्म्या बोळाची कार्डं यांच्या पर्समधे. जेवून या आडव्या झाल्या, दाराला आतून कडी. मी गौरीकडे पत्ते खेळायला गेलेली. परत येऊन बघते तर आमच्या दाराबाहेर कानटोप्यांची रांग! सगळ्यांना झोप आलेली, आणि एकाचीही दार वाजवायची हिंमत नाही. सोलापूरच्या आजी दबक्या आवाजात मला म्हणतात, "तुमच्या विहीणबाईंनी सांगितलंय, एक ते चार उठवायचं नाही." बोटीवरच्या अधिकाऱ्यानं येऊन हात जोडले आणि ज्याचं कार्ड त्याला परत करायला लावलं. या शांतपणे म्हणाल्या, "करते की. पण ह्यांना विचारा, त्यांना परत हवंय का?"

त्याच संध्याकाळी मी घसा साफ करून विषयाला हात घातला. "शालनताई, एकटीनं किती दिवस काढणार हो…"

"तुम्हाला कामगिरीवर पाठवलंय का?"

मला ठसकाच लागला. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "गौरी चांगली मुलगी आहे. खोली दाखवली मला तिनं. पडदे माझ्या आवडीच्या रंगाचे लावलेत. म्हणून तर पंचाईत आहे," म्हणाल्या आणि कूस बदलून पडल्या.

नाताळच्या दिवशी संध्याकाळी लवकरच खास जेवण होतं. सगळे नटूनथटून. शालनताईंनी मोरपंखी इरकल नेसलेली, वर अर्थात स्वेटर. आमच्या शेजारच्या टेबलावर आमच्या बोळातलीच सगळी मंडळी. तेवढ्यात निखिलराव सरबताचा ग्लास घेऊन उभे राहिले. "आज नाताळ, म्हणून आईला आमच्याकडून भेट! आई, संक्रांत आपल्या घरी, कोथरूडला. कसब्यातली जागा सोडायचं मी मालकांशी बोलून ठेवलंय. आता तू जिने चढायचे नाहीस." गौरीनं टाळ्या वाजवल्या. नातीनं आजीला मिठी मारली. पलीकडच्या टेबलावरूनही टाळ्या आल्या.

शालनताईंनी हातातला चमचा खाली ठेवला. नातीच्या पाठीवरून हात फिरवला. मग उठल्या आणि म्हणाल्या, "मी रुसलेय."

"म्हणजे?" निखिलराव हसतच होते.

"तुझ्या लग्नात वरमाईचा रुसवा राहून गेला. कार्यालय चार वाजता रिकामं करून द्यायचं होतं, म्हणून आवरतं घेतलं. तो आत्ता करतेय." एवढं बोलून त्या ताठ मानेनं बाहेर डेकवर निघून गेल्या.

मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. निखिलराव उठले, तशा सोलापूरच्या आजी कडाडल्या, "तू कुठं निघालास? वरमाई रुसली की मुलीच्या आईनं जायचं असतं! अहो, उठा. आणि रिकाम्या हातानं जाऊ नका." कुणीतरी माझ्या हातात केकची बशी दिली. डोक्यावर नाताळच्या चांदण्या, हातात केक, आणि मी निघाले विहिणीचा रुसवा काढायला! माझ्या लग्नात माझ्या आईनं हेच केलं होतं, पण तिच्या हातात निदान साडी होती.

त्या जिन्याजवळच्या बाकावर बसल्या होत्या. सूर्य नुकताच बुडाला होता, वारा झोंबत होता.

"अंड्याचा नाही ना?" त्यांनी बशीकडे बघून विचारलं.

"नाही."

"मग ठेवा तिथे. रुसवा संपल्यावर खाईन."

मी शेजारी बसले. "बोला, काय मानपान राहिला? साडी? चांदीचं ताट?"

"मला माझं घर हवंय," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, पण पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "निखिलला मी नाही म्हणू शकत नाही हो. रागावून बोलला असता तर दोन शब्दांत गप्प केला असता. पण हा मायेनं बोलतो. पडदे लावतो, बोटीवर आणतो. मायेनं बोलणाऱ्याला नाही म्हटलं की आपणच वाईट. म्हणून रुसले. रुसलेल्या वरमाईला कुणी कारण विचारत नाही, मागेल ते देतात. तुम्ही द्या."

"अहो, पण एकट्या असताना पडलात-बिडलात तर?"

"कोथरूडला काय फरशी नाही?"

मला हसू फुटलं आणि लगेच भडभडून आलं. इतक्या वर्षांत या बाईला घाबरलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. समुद्राला नाही घाबरली, आजारपणाला नाही. मुलाच्या मायेला घाबरली होती. माझी तर इकडे आड तिकडे विहीर. हो म्हणावं आणि उद्या काही झालं, तर खापर माझ्या माथी. नाही म्हणावं, तर ही बाई मान खाली घालून कोथरूडला जाईल, गौरीच्या घड्याळाप्रमाणे चहा पिईल आणि आयुष्यात कधी तक्रार करणार नाही. ते चित्र डोळ्यांपुढे आलं आणि मला ते सोसवेना. मी त्यांचा थंडगार हात धरला. "दिलं," म्हटलं.

आत गेले आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "रुसवा निघालाय. मागणं मी कबूल केलंय. कसब्यातली जागा सुटणार नाही. निखिलराव, मालकांना तसं कळवा."

"ए आई! तू कुणाच्या बाजूची आहेस?" गौरी तडकली.

"मुलीच्या. रुसवा मुलीकडच्यांनीच काढायचा असतो."

पलीकडच्या टेबलावर पुन्हा टाळ्या, या वेळी जास्त. निखिलरावांचं मात्र तोंड एवढंसं झालं होतं. मग ते उठून बाहेर गेले, आईशेजारी बसले. काचेतून मला दिसत होतं, त्यांनी मालकांचा नंबर लावायचा प्रयत्न केला, रेंज नव्हती. शालनताईंनी केकचा तुकडा मोडून त्यांच्या तोंडात घातला, उरलेला स्वतः खाल्ला. 'बरा आहे' म्हणाल्या असणार.

त्यानंतर त्या कसब्यातच राहिल्या, आणि मजेत राहिल्या. निखिलरावांनी जिन्याला कठडा बसवून दिला. मी आठवड्यातून एकदा जायची, जिन्यावर धापा टाकायची आणि वर गेले की त्या विचारायच्या, "दम लागला? मग कोथरूडला जा राहायला." दुपारी आम्ही दोघी फरशीवर पसरायचो. शाळेतून आलेली कुणाची तरी पोरं कोपऱ्यात अभ्यास करायची. मी म्हटलंच एकदा, "शालनताई, मला तुमचा हेवा वाटतो." "बरं," त्या म्हणाल्या.

या वर्षी गणपतीच्या आधी त्या मोरीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. शेजाऱ्यांनी लगेच दवाखान्यात नेलं, शस्त्रक्रिया झाली, पण छातीत कफ धरला आणि तब्येत उतरतच गेली. मी पहिल्यांदा भेटायला गेले ती पाय ओढतच. काय तोंड दाखवायचं? खाटेशी उभी राहून रडायलाच लागले. त्यांनी बोटानं खुणावलं, जवळ या. आवाज पार खोल गेला होता.

"रडताय कशाला? पडले ती माझ्या घरात पडले."

नंतर फार दिवस काढले नाहीत त्यांनी.

निखिलराव मला एका शब्दानंही बोलले नाहीत. गौरी बोलली. परवा माझ्या गॅलरीत चहा घेताना बोलली, रागानं नाही, हळूच. "ए आई, त्या दिवशी तू त्यांना समजावलं असतंस तर?"

"तर आणखी थोड्या जगल्या असत्या," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? "पण तुमच्या घरात, तुमच्या सोयीनं."

मला शालनताईंची फार आठवण आली. मग तिनं कप खाली ठेवला, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि विचारलं, "आणि तुझं काय, आई? येतेस आमच्याकडे?"

"विचारत जा," मी म्हटलं. "ठरवून येऊ नकोस."