बार्जवरचं बाजरीचं पीठ

नाशिकच्या घरी पानात बाजरीची भाकरी पडली की मला वाळूत रुतलेला तो बार्ज आठवतो. तेव्हा माझी नेमणूक कोकणातल्या एका सागरी पोलीस ठाण्यात होती. नावं कोणाचीही देत नाही.

खडीने भरलेला बार्ज सकाळी खाडीच्या तोंडाशी वाळूच्या उथळ पट्ट्यावर चढला आणि एका अंगावर कलला. बंदराची जीवरक्षक बोट गेली आणि चौघांना, हाताला लागेल त्या सामानासह, घेऊन आली. खलाशांच्या यादीतही चौघंच होते. टीव्हीवाले खूश, वरिष्ठ खूश. मी स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि सगळ्यांना चहा सांगितला.

तेवढ्यात ठाण्याचा फोन वाजला. चांदवडकडची एक बाई बोलत होती. "साहेब, टीव्हीवर चौघंच दिसले. आमचे हे पण त्याच बार्जवर हायेत. फोन लागत नाय त्यांचा."

यादीत तसं नाव नव्हतं. हवालदार म्हणाले, "बाई घाबरलीय साहेब, बार्ज दुसरा असेल." असेलही. पण तांडेलाला, म्हणजे बार्जच्या प्रमुखाला, विचारलं तर माझा प्रश्न संपायच्या आत तो "चौघंच" म्हणाला. खरं बोलणारा माणूस इतकी घाई करत नाही. तिकडे भरती सुरू झाली होती. बार्जवर कोणी राहिला असेल, तर पाणी चढायच्या आत त्याला काढायला हवं होतं.

मी सामान उघडायला लावलं. एका कापडी पिशवीत बाजरीचं पीठ निघालं आणि पुडीत काळा मसाला. हे चौघंही किनाऱ्यावरचे, भात खाणारे. तो वास माझ्या घरचा, नाशिककडचा होता.

"पिशवी कोणाची?"

"माझी," तांडेल म्हणाला.

"भाकरी तुम्हीच करता?"

"होय साहेब."

मी परात मागवली. "मळा." त्याने पिठात तांब्याभर पाणी भसकन ओतलं. परातीत लापशी झाली. मला हसू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. शेजारचा खलाशी रडायलाच लागला. "पंप बघायला खाली गेला होता साहेब. हाका मारल्या, आला नाही. मेला असं वाटलं." माणूस कागदपत्रांशिवाय कामावर घेतलेला, म्हणून तांडेलाने सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं होतं.

बोट पुन्हा गेली, मीही गेलो. डेक पाण्याखाली गेला होता आणि तो पाचवा माणूस बार्जवरच्या क्रेनला मिठी मारून वर बसला होता. बोटीत घेतल्यावर कुडकुडत म्हणाला, "यादीत नाव नव्हतं ना साहेब. म्हटलं, आपल्याला कोन न्यायला येतंय."

ठाण्यात आल्यावर त्याच्या बायकोला फोन लावून दिला. ती नुसती रडत होती. त्याची नजर परातीवर गेली. "अगं, पीठ लय वाया घालवलं कुनीतरी," तो म्हणाला. "अजून धाड."

तांडेलावर गुन्हा दाखल झाला. त्यानंतर कुठल्याही अपघातात मी यादी मागायच्या आधी विचारायला लागलो, कोणाच्या घरून फोन आलाय का.

नावं देणार नाही म्हणालो, ते पाळतो. पण त्या दिवशी जबाबाच्या कागदावर मी त्या पाचव्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि गाव स्वतःच्या हाताने लिहिलं आणि चौघांदेखत मोठ्याने वाचून दाखवलं.