मुरुगनची सहा देवळं, मिटल्या डोळ्यांनी

कुवेतमधल्या महबूल्यात, आमच्या इमारतीत देवकी अक्का माझ्या वरच्या मजल्यावर राहायच्या. मूळच्या तंजावरच्या. माझा नवरा हेमंत आजारी होता तेव्हा त्यांच्याकडून रसमचा डबा यायचा. तो गेल्यावर त्यांनीच ठरवलं, आपण दोघींनी तमिळनाडूतली मुरुगनची सहा देवळं करायची. रजा मंजूर झाली, तिकिटं निघाली आणि त्यांच्या यजमानांची नोकरी गेली. घर आवरून ती दोघं मेलबर्नला मुलीकडे निघाली. विमानतळावरून अक्कांनी फोन केला, “तू जाके आ, वैशाली. मुरुगन किसीको भगाता नहीं.”

मग साताऱ्याहून सासूबाईंचा फोन. मुरुगन म्हणजे आपला कार्तिकस्वामी, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. “बाईने त्याचं दर्शन घेऊ नये. सात जन्म वैधव्य येतं,” त्या म्हणाल्या. मग पुढे म्हणाल्या, “हा जन्म तर गेलाच. पुढच्यांचा तरी विचार कर.”

मी मिरकाबमधल्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते. असलं काही मी मानत नाही, अशी माझी समजूत होती.

कुवेतहून चेन्नईला थेट विमान आहे. ईदच्या सुट्टीत तिकीट फार महाग पडतं, तेवढे दिवस टाळा. चेन्नईहून टॅक्सीने तिरुत्तणी सकाळी निघून दुपारपर्यंत आटोपतं. गाडी डोंगरावर जाते, चपला गाडीतच ठेवा. रांगेत बायकाच जास्त होत्या, डोक्यात मोगऱ्याचे भरगच्च गजरे. इथे मुरुगन ब्रह्मचारी नाही, त्याला दोन बायका आहेत. हे सगळं ठाऊक असूनही गाभाऱ्यासमोर आले आणि माझे डोळे आपोआप मिटले. पुढच्या जन्मी हेमंत भेटलाच, तर तो टिकायला हवा, एवढंच मनात आलं. पुजाऱ्याने विभूती हातावर टाकली, मागच्यांनी पुढे ढकललं, मी बाहेर.

कुंभकोणमला रेल्वेने गेले. तिथून स्वामीमलैला रिक्षा मिळते. तिथेही तेच झालं. लॉजवाल्याने विचारलं, “सिंगल?” मी होकारार्थी मान हलवली. संध्याकाळी तिथली घट्ट दुधाची डिग्री कॉफी पिताना समोरच्या रिकाम्या खुर्चीवर मी पर्स ठेवली, म्हणजे कुणाची तरी वाट बघतेय असं वाटावं.

मदुराईत मुक्काम केला तर तिरुप्परंकुंड्रम आणि पळमुदिर्चोलै दोन्ही जवळ पडतात. तिरुप्परंकुंड्रमला मुरुगनचं लग्न झालं, म्हणून तिथे नवी जोडपी फार. एक नवरी नवऱ्याच्या कपाळावरचं कुंकू नीट करत होती. मी खांबाला टेकून त्यांच्याकडे बघत राहिले. देवाकडे मात्र बघितलं नाही. पळमुदिर्चोलैच्या झाडीत माकडांनी केळी पळवली, एवढंच तिथलं आठवतं.

मदुराईहून पळनीला बस आहे. जोराचं वारं असलं की रोपवे बंद ठेवतात, तेव्हा रुळांवरून वर चढणारी विंच पकडावी लागते. दुपारी फरशी तापते, काथ्याच्या पट्ट्यांवरूनच चाला. रांग सरकत नव्हती. भिंतीवर ती गोष्ट रंगवलेली दिसली, फळासाठी दोघा भावांच्या पृथ्वीप्रदक्षिणेची. आमच्या घरी ती नेहमी गणपतीच्या बाजूने सांगतात. आईबापांभोवती फिरून गणपती जिंकला, की गोष्ट संपते. हरलेला भाऊ रुसून घर सोडून गेला, त्याचं पुढे काय झालं, हे कधी कुणी विचारत नाही. तो या डोंगरावर आला होता.

गाभाऱ्यापाशी मी डोळे मिटले. शेजारी एक म्हातारी होती, मुंडण केलेली, डोक्याला चंदन फासलेलं. तिने माझं मनगट धरलं.

“कण्ण तोर, अम्मा,” ती म्हणाली. मला समजलं नाही. तिने आपल्या डोळ्यांकडे बोट दाखवून पुन्हा तेच सांगितलं.

मी डोळे उघडले. दिव्याच्या उजेडात तो उभा होता. लहानसा, हातात दंड, अंगावर लंगोटीखेरीज काही नाही. शेजारी त्याच्या दोन बायकांपैकी कुणीच नाही. मला रडू फुटलं. हेमंत गेला तेव्हा कागदपत्रं करण्यात दिवस गेले होते, तेव्हाचं राहिलेलं असावं. म्हातारीने हात सोडला नाही. रांगेनेच आम्हाला बाहेर काढलं, आणि गर्दीत ती कुठे गेली ते कळलं नाही.

शेवटचं तिरुचेंदूर, समुद्रकाठी. पहाटेच बायका लुगड्यांसकट लाटांत शिरत होत्या. मीही शिरले. दर्शन सावकाश घेतलं, डोळे उघडे ठेवून.

परत आल्यावर पळनीचं केळ्या-गुळाचं पंचामृत ऑफिसात वाटलं. इमारतीत द्यायला कुणी नव्हतं. अक्कांच्या दारावर नव्या भाडेकरूंची पाटी लागली आहे. माझं रिकामं घर तसंच आहे, प्रवासाने ते भरलं नाही. तशी अपेक्षा ठेवून कुणी जाऊ नये.

शुक्रवारी सासूबाईंना फोन केला. लपवायचं नव्हतं.

“आई, मी पाहिलं त्याला.”

मामंजी जाऊन वीसेक वर्षं झाली, तरी दर्शन न घेण्याचा हा नियम सासूबाईंनी कधी मोडला नाही.

मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, “कसा दिसतो गं तो?”