परसूचा पालथा कॅमेरा

बंगळूरजवळच्या बोम्मसंद्र्याच्या फॅक्टरीत प्रेस मशीनखाली उजव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हा परसू ओरडला नाही. ओरडली ती आजूबाजूची माणसं. दवाखान्यात बायको भाग्यलक्ष्मी हुंदके देत होती आणि हा तिला म्हणाला, "चहा मिळतोय काय बघ की." तिला वाटलं, गडी धीराचा आहे. धीर कसला! आत काही हललंच नव्हतं, आणि पुढेही हललं नाही.

निपाणीकडून पोटासाठी आलेला माणूस. जखम भरल्यावर कंपनीनं त्याला स्टोअरमध्ये बसवलं. पुढ्यात ताट आलं की जेवायचा, दिवा मालवला की पडायचा. शेजारची धनलक्ष्मी अक्का एकदा म्हणाली, "स्वल्प कशात तरी मन घाला, अण्णा." तिच्या भावाचा जुना कॅमेरा कपाटात पडून होता, तो तिनं आणून दिला.

बटण उजवीकडे, तर्जनीखाली. तर्जनी तर गेलेली. बरेच दिवस परसू कॅमेरा नुसता मांडीवर घेऊन बसायचा. मग एका दुपारी त्यानं तो पालथा धरला. बटण डाव्या अंगठ्याखाली आलं. फोटो उलटे येत. ते मागाहून फिरवून घ्यायचे, एवढंच. मोबाईलवरचे हिंदी-कन्नड व्हिडिओ बघत, निम्मं समजत निम्मं चुकत, गच्चीवर वाळणाऱ्या साड्यांचे फोटो काढत तो शिकला.

पुढे तो शिफ्ट सुटल्यावर होसूर रोडवर थांबू लागला. बसची वाट बघणारी माणसं टिपायचा. कुणी खांबाला टेकून उभ्या उभ्या झोपलेलं, कुणी रिकामा डबा पोटाशी धरून कुठंच न बघणारं. या माणसांकडं त्याला तासन्‌तास बघवायचं. का, ते त्याला सांगता आलं नसतं.

ते फोटो तो इन्स्टाग्रामवर टाकायचा. तिथं पाहून शिवानी त्याला शोधत आली. मूळची पुण्याची, कोरमंगलात कॅफे चालवणारी. तिनं कॅफेच्या भिंतींवर त्याचं प्रदर्शन मांडलं. "परसूदादा, लोक अक्षरशः थांबून बघतायत! कसं वाटतंय?"

"बरं आहे," परसू म्हणाला.

रविवारी भाग्यलक्ष्मी पद्माकरला घेऊन आली. तो परसूच्या जुन्या मशीनवर आता काम करायचा. सगळ्यात मोठा फोटो त्याचाच होता, बसस्टॉपवर झोपलेला: तोंड उघडं, मान लटकलेली, ओठाच्या कडेला लाळ. पद्माकर कितीतरी वेळ समोर उभा राहिला.

"मला विचारलं होतंस?"

"न्हाई."

"गावाकडं पोरगी कॉलेजात जाते माझी. तिच्या मोबाईलवर हे गेलं तर?" त्याचा आवाज चढला नाही. "काढ ते."

परसूनं फोटो खिळ्यावरून उतरवला.

शिवानी धावत आली. "दादा, अहो हाच बेस्ट आहे! सगळे याच्याबद्दलच बोलतायत."

"त्याचा हाय तो," परसू म्हणाला आणि फ्रेम पद्माकरच्या हातात दिली. इन्स्टाग्रामवरचाही फोटो त्याच्यादेखत काढून टाकला.

घरी आल्यावर भाग्यलक्ष्मीनं विचारलं, "वाईट वाटलं का हो?"

परसूनं खरंच आत शोधून पाहिलं. "न्हाई."

"मग सुटल्यासारखं?"

"तसंबी न्हाई."

शिवानीचा पुन्हा फोन आला नाही. परसू आता आधी विचारतो. विचारलं की माणसं केस नीट करतात, शर्ट ओढतात, ताठ होतात. हे फोटो पहिल्यांसारखे नाहीत, हे त्यालाही कळतं. तरी तो काढतो.

दिवाळीच्या सुट्टीआधी पद्माकर इस्त्रीचा शर्ट घालून गच्चीवर आला. "पोरीला पाठवायचाय. हसू काय?"

"बघ तुझं तू."

पद्माकर थोडा हसला. परसूनं अंगठा दाबला, फोटो सुलटा केला आणि त्याला पाठवून दिला. खालून भाग्यलक्ष्मीनं जेवायला हाक मारली, तसे दोघंही जिना उतरले.